करडाची मऊ कॉलर

सेलोम,

आई आणि मी केटाच्या बाजारात गेलोय, निळं कापड आणायला. घर रिकामं दिसलं तर घाबरू नकोस.

काल तू आक्राहून एवढ्या लांबून आलास आणि तिनं विचारलं, "आपण कोण?" तू बॅग उचलून खोलीत गेलास.

तिचे हात रिकामे राहू नयेत म्हणून मी कापडाचं एक करडू शिवलं होतं. आज उजाडताना खाडीवर धुकं होतं, आणि आई मशीनवर बसून त्याच्यासाठी कपडे शिवत होती, झोपेत चालल्यासारखी, हळूहळू. सणाचा झगा झाला, आता शाळेचा गणवेश चाललाय. मी म्हटलं, "आई, याचं नाव काय गं?"

"वेडी की काय तू? आपला सेलोम ना हा! कॉलर मऊ हवी, त्याची मान लगेच सोलवटते."

मशीन विकायचा विषय आज काढू नकोस.

निघताना "पोर शाळेतून भुकेलं येईल" म्हणत तिनं मक्याच्या अक्पलेचे गोळे आणि भेंडीचं कालवण वाढून ठेवलंय. टेबलावरचं झाकलेलं ताट तुझं आहे.

झिफा