क्रोशाच्या रुमालाची वाटी

सिस्टर, काल चौलच्या वाचनालयात बायकांना कृष्णविवर समजावून सांगायला उभी राहिले आणि पहिल्याच प्रश्नाला अडले. दर महिन्याला असं काही सांगायचं मी मोठ्या हौसेनं ठरवलं होतं. सुरुवात बरी झाली. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो, वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्याला मंद दिसतं. विशेष सापेक्षता तुम्ही शिकवलीत तशीच सांगितली. तर पुढं बसलेली शेजारीण म्हणाली, "मग त्या विवराजवल ह्योच नियम लावायचा ना? का तिथं तो खोटा हाय?" सगळ्या हसल्या. आता पुढच्या महिन्यात कोण येणार, असं वाटलं.

आणि शाळेतला तुमचा शिवणाचा तास आठवला. खिडकीतून सुक्या मासळीचा वास येतोय, तुम्ही बाकांमधून फिरताय. माझा क्रोशाचा गोल रुमाल बाकावर सपाट बसतच नाही, मधे खोल जातो. मी तळव्यानं दाबते. "दाबून काय होणार, मुली? फेऱ्यात टाके वाढवायला विसरलीस. कड कमी पडली, झाली वाटी. उसव!" माझा चेहरा पाहून तुम्ही ती वाटी उचललीत. "टाके मात्र एकेक सुरेख आहेत हो."

बायकांना मी तेच सांगितलं. एकेक टाका पाहिला तर सपाट. तेवढ्याशा जागेत विशेष सापेक्षता खरी. पण विवराजवळ कडेच्या मानानं आत जायचं अंतर जास्त भरतं. तो सपाट हिशेब सगळ्यावर पसरता येत नाही, वक्रतेचा वेगळा सिद्धांत लागतो.

"म्हंजे खोटा न्हाय, अपुरा," शेजारीण म्हणाली. "नि कालाचं काय गो? तो पन वाकतो?"

"वाकतो."

"कसा? दाव की!"

वाटीत काळ कुठं दाखवायचा? "मला नाही येत," मी म्हटलं.

"मग शिकून ये. आमी हाव इथंच."

सकाळपासून दोरा-सुई घेऊन बसले आहे. तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ठाऊक आहे. खरं सांगायचं तर लिहिता लिहिता उत्तर सुचेल, म्हणून लिहायला घेतलं. अजून सुचलेलं नाही.