कोयता कोणी आत नेला

१८ सप्टेंबर, गुरुवार
केलेल्या स्कॅनच्या नोंदींचं माझं लॉगबुक आजही सहीविना परत. सहा वर्षं डॉ. सरांचं एमआरआय मशीन चालवतेय आणि सर्टिफिकेशनच्या परीक्षेसाठी यांची एक सही मिळेना. पास झाले की वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात पळेन ही यांना भीती, दुसरं काय. म्हणे, दसरा होऊ दे, शांतपणे बसू. फॉर्मची शेवटची तारीख १० ऑक्टो. शांतपणे म्हणे!

३० सप्टें.
उद्या खंडेनवमी, मशीनची पूजा. सरांना सांगितलं, पूजा खोलीबाहेर, कॉम्प्युटर-कन्सोलवरच करू. स्कॅन नसला तरी मॅग्नेट चोवीस तास चालू असतो, लोखंड खेचून घेतो. "बरं" म्हणून मान हलवली. जासईच्या उषाताई, आमच्याकडे सफाईचं बघतात, त्यांनी झेंडूच्या माळा केल्या. छान झाल्यात.

१ ऑक्टो.
पाच मिनिटं रिसेप्शनवर गेले, तेवढ्यात सर त्यांच्या सासूबाईंना घेऊन थेट आत. कुंकू मशीनलाच लावायचं, नारळ तिथेच फोडायचा. त्यासाठी सरांच्या हातात कोयता. लोखंडी! एमडी रेडिओलॉजिस्ट माणूस! मी "सर, नको" म्हणेपर्यंत कोयता हातातून सुटून मशीनच्या तोंडाला जाऊन चिकटला. कव्हर फुटलं. सासूबाई वीतभर अलीकडे होत्या. वीतभर.
सर पांढरेफटक. तोंडातून पहिलं वाक्य: "दार उघडं कोणी ठेवलं?"
दाराला माळा बांधायच्या म्हणून लॉक केलं नव्हतं मी. ते खरंय.

३ ऑक्टो.
मशीन बंद. कंपनीच्या इंजिनिअरला लेखी रिपोर्ट हवाय, लोखंड आत कोणी नेलं. सरांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. सहा वर्षांत पहिल्यांदा.
"शीतल, तुझ्याकडून चुकून गेला असं लिही. मी लगेच लॉगबुकवर सही करतो."
पेन उघडून ठेवलेलं. नालायक. हा शब्द लिहिलाय, खोडणार नाही. असा अपघात नावावर लागल्यावर ते सर्टिफिकेट घेऊन गेले तरी दारात कोण उभं करणार मला?

४ ऑक्टो.
नीलेश म्हणतो लिहून टाक, एक ओळ तर आहे. नवरा माझा! दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी कामोठ्याच्या बाजारात गेलो, भाजीही न बोलता घेतली. राग त्याच्यावर की स्वतःवर... कारण सकाळी मी पण तेच म्हणत होते मनात.

६ ऑक्टो., सोम.
उषाताई पूजेच्या वेळी दारातच होत्या. सरांनी त्यांना विचारलं, काय पाहिलं? जिन्यात मला म्हणाल्या, "'सर, कोयता तुमचेच हातात व्हता', असा सांगला मी त्यांना. आमी खोटा नाय बोलनार."
दुपारी सरांनी त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. डबा उचलून गेल्या. मी कन्सोलपाशी बसून रडले, नुसत्या संतापाने.

९ ऑक्टो.
रिपोर्ट लिहिला. दार मी लॉक केलं नव्हतं. कोयता डॉ. सरांनी आत नेला. सफाई कर्मचारी उषाताईंनी पाहिलं. खाली माझी सही. आधी इंजिनिअरला मेल केला, नाहीतर सरांनी फाडलाच असता. मग लॉगबुकसकट त्यांच्यासमोर ठेवला.
दोनदा वाचला. माझं लॉगबुक ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात. "उद्या बघू."
उद्या दहा तारीख. फॉर्म संध्याकाळी पाचला बंद.
नीलेश म्हणाला, मी येतो सोबत. म्हटलं नको. नऊलाच जाणार. सही नसेल द्यायची तर माझं लॉगबुक तरी द्या म्हणणार, सोनोग्राफीसाठी बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटसमोर. आवाज चढला तर चढू दे.