तुमचा आवाज चिनी बोलतो

बाबा, मी चिनी भाषा शिकते आहे. तुम्ही असता तर "कायले?" एवढंच विचारलं असतं आणि माझं उत्तर पुरतं ऐकायच्या आत धानाच्या बांधीवर पाणी बघायला निघून गेला असता. म्हणून उत्तर लिहूनच सांगते. मी ज्या राइस मिलच्या ऑफिसात कामाला आहे, तिथे तांदूळ निवडणारं एक मोठं यंत्र चीनमधून आलं. काळा दाणा दिसला की हवेचा फटका मारून तो बाजूला उडवतं. एक दिवस त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली आणि यंत्र बंद पडलं. मालकापासून हमालापर्यंत सगळे त्या अक्षरांसमोर नुसते उभे राहिले. मालक म्हणाले, "मॅडम, आप तो ग्रॅज्युएट हो, पढ़ो ना," आणि सगळे हसले. मीही हसले, पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर नागपूरच्या दवाखान्याचा व्हरांडा होता. डॉक्टर मामाशी इंग्रजीत बोलत होते, मामा मान हलवत होता, आणि तुम्ही, आई नि मी त्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होतो. मामा वळून म्हणाला, "काही नाही, लहानसं ऑपरेशन हाय." गळ्यातली गाठ काढताना आवाजही जाणार, हे त्याला कळलं होतं. तुम्ही घाबरू नये म्हणून त्याने सांगितलं नाही. तुम्ही आत जाताना आईला फक्त "म्हशीले पाणी दाखवजो" म्हणालात, आणि तेच तुमचं ऐकू आलेलं शेवटचं बोलणं ठरलं. तेव्हापासून मी ठरवलं आहे की ज्याला कळतं त्याने न कळणाऱ्याला सांगायचंच, कटू असलं तरी. कॉलेजात गेले ती त्यासाठी. गावातल्या मुलींना रविवारी शिकवते तेही त्यासाठीच.

मोबाईलवर चिनी शिकवणारे पुष्कळ आहेत. बहुतेक हसऱ्या, भराभर बोलणाऱ्या मुली. मागे दिव्यांच्या माळा आणि खेळण्यातलं अस्वल. मी त्यांच्याकडून "पाणी", "तांदूळ", "किती" असं शिकत गेले. मग एका दुपारी डबा खाताना बोट लागून भलताच व्हिडिओ सुरू झाला. त्यात माणूस दिसत नव्हता. चुन्याची भिंत, लाकडी टेबल, त्यावर काचेचा पेला आणि एका म्हाताऱ्या पुरुषाचा हात. आधी नाकातून घेतलेला एक छोटा श्वास ऐकू आला, मग वाक्य, मग बरोबर दुसऱ्या माणसाला बोलायला लागेल एवढी रिकामी जागा. माझ्या हातातला घास तसाच राहिला. बाबा, तो तुमचा आवाज होता. तुमच्यासारखा नव्हे, तुमचाच.

तुम्ही नाटकात प्रॉम्प्टर होता हे इथे मिलमध्ये कोणाला सांगितलं तर ते विचारतात, म्हणजे पार्ट कोणता करायचे? आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात, आणि एकाच कंपनीचे नट आज इथे तर उद्या तिथे दुसराच वेश घालून उभे राहतात. पाठांतराला वेळ कोणाला असतो? सगळं नाटक विंगेत बसलेल्या एका माणसाच्या तोंडून आधी निघतं आणि मग स्टेजवर जातं, हे बाहेर कोणाला खरं वाटत नाही. मी तुमच्या मांडीला टेकून बसलेली आहे. तुम्ही बोटाने ओळ धरून सपाट आवाजात म्हणता, "मी या घराचा उंबरा ओलांडणार नाही," आणि पलीकडे तो माणूस तेच वाक्य रडत, छाती बडवत म्हणतो आणि बायका डोळ्याला पदर लावतात. एकदा तुम्ही मागे बसलेल्या काकाला दबक्या आवाजात म्हणालात, "पोरीले घरी ने, झोप आली तिले," आणि स्टेजवरच्या जमीनदाराने तलवार उपसून गरजत सांगितलं, "पोरीले घरी ने, झोप आली तिले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवस गावात मी कोणाला दिसले की तेच म्हणायचे.

आणि एकदा तालमीच्या दुपारी मी हट्टाने एक पान वाचायला घेतलं. शाळेत शिकवतात तसं भाव घालून, हात हलवून वाचलं. तुम्ही पान काढून घेतलं. "भाव टाकू नको. भाव त्याचा हाय, तो टाकन. आपण फक्त वाक्य द्याचं आणि जागा सोडाची." मला रडू आलं होतं. आता त्या चिनी आवाजात तेच ऐकते. ती भाषा सुरांच्या चढ-उताराची आहे, सूर चुकला तर शब्दच बदलतो; हा माणूस प्रत्येक सूर नेमका लावतो, पण त्यात भाव म्हणून काही ठेवत नाही. वाक्य देतो आणि जागा सोडतो. मी त्या जागेत ते वाक्य म्हणते.

सुरुवातीला त्यातलं काही कळत नव्हतं तेव्हा मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटायचं. मिलजवळ फुलचूरला भाड्याने घेतलेल्या माझ्या खोलीत तुम्ही भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलत बसला आहात, एवढंच. मला वाटलं होतं, शब्द कळायला लागले की तुम्ही त्यातून निघून जाल आणि दूरच्या देशातला कोणी म्हातारा मास्तर उरेल. झालं उलटं. मी न्हाऊन आले आणि व्हिडिओ लावला, तर तो म्हणाला, केस अजून ओले आहेत. मालकांशी वाद झाला त्या दिवशी म्हणाला, आज फार बोलू नकोस. मी स्वतःला समजावलं की शिकवायची वाक्यं अशीच असतात. जेवण, पाणी, थकवा, येणं, जाणं, कोणत्याही घरात लागू पडतील अशी. हे समजावणं दिवसभर टिकायचं. पुन्हा श्वास ऐकू आला की संपायचं.

धानाची रोवणी आटोपल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. तिच्यासमोर मी कानात वायर घालूनच ऐकत असे. पण घरमालकीणबाईंनीच घोळ केला. आधीच्या एका दुपारी त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं असावं. जिन्यात आईला अडवून म्हणाल्या, "आंटी, बुरा मत मानना, आपकी बेटी के कमरे में कोई भाईसाहब आते हैं क्या? आवाज आती है." आई वर आली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर बसली.

"कोन येते?"

"कोणी नाही आई. मोबाईल आहे. मी शिकते त्यावरून."

"लाव मंग."

मी लावला. श्वास झाला, वाक्य झालं, जागा आली. आईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पुढचं वाक्य झालं. मग तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला, तुम्ही बाहेरून आलात की घ्यायची तसा, आणि पुढच्या रिकाम्या जागेत सरळ मोबाईलला म्हणाली, "रोवणी झाली. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी औंदा वेळेवर सुटलं."

त्यानंतर रोज दुपारी ती बसू लागली. मी कामावर असले तर शेजारच्या मुलीकडून तिच्या मोबाईलवर लावून घ्यायची. ती त्या जागांमध्ये त्याला सगळं सांगायची. म्हैस विकली, काकाचा गुडघा धरला, पोरीला स्थळं येतात आणि पोरगी ऐकत नाही. तिची वाक्यं नेमकी त्या जागेत बसायची. कधी तुकडा उरत नसे, कधी आवाजावर आवाज चढत नसे. मी दारात चप्पल काढत उभी असायची आणि आतून दोघांचं बोलणं ऐकू यायचं, एक चिनी, एक आपली बोली. मी आत न जाता जिन्याच्या पायरीवर बसायची.

तिला काय हवं होतं ते तिने मला एका दुपारी भाजी निवडताना सांगितलं. तुम्ही गेलात त्या दिवशी मी शाळेत होते. तुम्ही तिला जवळ बोलावलं आणि ओठ हलवून काहीतरी म्हणालात. तिला समजलं नाही. तिने "काय?" विचारलं, तुम्ही पुन्हा म्हणालात, तरी समजलं नाही, आणि मग तुम्ही भिंतीकडे तोंड वळवलं. "लंबी गोष्ट होती," आई म्हणाली. "पाणी दे, उशी दे, एवढी नोहती. ते राहून गेलं त्याचं. आता आवाज भेटला हाय तर सांगन."

"आई, तो चीनमधला माणूस आहे."

"तू शिकून रायली ना ती भाषा? मंग तू आयक नीट. तो सांगन ते मले सांगजो. तुह्या मामासारखं नको करू."

मी शब्द दिला.

धान निसवला, पिवळा पडला, आणि आई गावी जायचं नाव काढेना. काकाचा फोन यायचा, "वहिनी कवा येते? धान लोळून रायला, मजूर दुसरीकडं चालले." ती मला म्हणायची, सांग येतो म्हणून, आणि यायची नाही. जेवण कमी झालं. दुपारची भाकर तशीच झाकलेली असायची. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी टॉनिक दिलं. मला एकच धास्ती होती की ती ते वाक्य ऐकण्यासाठी थांबली आहे, आणि ते ऐकलं की तिला थांबायचं कारण उरणार नाही.

त्याच दिवसांत मला व्हिडिओखालची अक्षरं वाचता येऊ लागली. इतके दिवस ती माझ्यासाठी मुंग्यांची रांग होती. शब्दकोश जवळ घेऊन मी एकेक ओळ लावली. खाली पुष्कळांनी मेणबत्त्यांची चित्रं टाकली होती, आणि तेच ते लिहिलं होतं: गुरुजी, वाटेने सुखरूप जा. तो माणूस मी ऐकायला लागायच्या कितीतरी आधीच गेलेला होता. मी आईला सांगितलं, कारण शब्द दिला होता. मला वाटलं, आता तरी तिचा नाद सुटेल. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "तो बी मेला?" आणि सूप पुन्हा हलवत, "मंग बरोबर हाय."

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन, खाली मालकीणबाईंच्या पापडांवरचे कावळे कोणीतरी काठी आपटून हाकत होतं. पाहुणा दारात आल्यावर काय बोलायचं, असा धडा होता. मी आधी कधी लावला नव्हता. आईने पदर घेतला. या वेळी तिने शेतीचं काही सांगितलं नाही. पहिली जागा आली तशी सरळ विचारलं, "जाताना काय म्हटलं होतं तुम्ही?"

श्वास झाला. मग तो म्हणाला आणि मला सगळं, एकेक शब्द, कळलं.

"काय म्हणते?" आई.

मला माहीत होतं की हा पाहुण्यासाठीचा धडा आहे. मला हेही माहीत होतं की मी काहीही सांगू शकते. धान कापून घे म्हणतात, पोटभर जेव म्हणतात. तिला काय कळणार होतं? पण नागपूरच्या व्हरांड्यात मामालाही असंच वाटलं असेल. मी व्हिडिओ थांबवला आणि तुमच्यासारखं, भाव न टाकता, वाक्य दिलं.

"म्हणतात, दार उघडंच आहे, आत ये."

आई दाराकडे बघत राहिली. आमच्या खोलीचं दार खरंच उघडं होतं, उन्हासाठी. जिन्यात कोणी नव्हतं. तिचा हात जमिनीवर टेकला, उठायला टेकतात तसा, आणि मी तिचं मनगट धरलं. ते गार होतं. मग ती माझ्याकडे वळली, तिच्या कपाळावर आठी होती, तुम्ही उशिरा घरी आलात की यायची तीच.

"येत नाही म्हणून सांग त्याले. धान उभा हाय. सारं माह्यावर टाकून गेला, आता आत ये म्हणते. सांग, त्याच्या भाषेत सांग."

मी व्हिडिओ पुन्हा सुरू केला. तो माणूस वाक्य देऊन जागा सोडून थांबलेलाच होता. त्या जागेत मी चिनीत म्हटलं, ती आत्ता येत नाही, शेतात काम आहे. सूर एकही चुकला नाही. श्वास झाला. मग तो म्हणाला: बरं, मग मी वाट पाहतो.

"आता काय म्हणते?"

"काही नाही आई. धडा संपला."

"संपला ना? मंग भाकर वाढ," ती म्हणाली, आणि झाकलेली भाकर तिने दोन वेळा वाढून घेऊन खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गावी गेली. काका सांगतो, मजुरांवर ओरडून ओरडून तिने कापणी उरकत आणली आहे.

धडा संपला नव्हता, बाबा. मी तो पुढे लावलेला नाही, मोबाईल पालथा घालून ठेवते. हे लिहिलेलं कुठे पाठवता येणार नाही, आणि लपवायचीही गरज नाही. आई परत आली तरी इथे टेबलावरच पडून राहील. तिला वाचता येत नाही. त्याचं मला आज पहिल्यांदा बरं वाटलं.