अर्धं इंजिन

रविवार, ११ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र मिळालं. जहाज बंदराला लागलं, खोकला गेला आणि नव्या आचाऱ्याचं जेवण तोंडाला लागतंय हे वाचून जिवाला बरं वाटलं. आम्ही इकडे ठीक. खालच्या शिंपीणबाईंनी एक मांजर पाळलंय. ते दिवसभर आपल्या दुकानाच्या खिडकीत बसून असतं. लोक मांजर बघायला थांबतात आणि मग मागच्या खेळण्यातल्या इंजिनांकडे त्यांचं लक्ष जातं. म्हणजे बिनपगारी नोकरच मिळाला म्हणा.

तिथल्या जुन्या बाजारात तुम्ही एक छोटं इंजिन पाहिलंत, घेऊ की नको ते दादांना विचारून कळव, असं लिहिलंत. त्याचं उत्तर आधी देते.

रंगाला भुलू नका. आधी तळहातावर घ्या. पितळेचं चांगलं इंजिन जड लागतं, पण तोलात राहतं. पोटात शिसं कोंबून वजन वाढवलेलं असेल तर ते एका टोकाला झुकतं. मग बोटाने एक चाक हळूच फिरवा. बाकीची चाकं मुकाट्याने सोबत फिरली पाहिजेत. करकर झाली किंवा मध्येच अडलं, तर आतले दाते झिजलेत. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची डोकी भिंगातून बघा. जुन्या रंगात ती मोहरीच्या दाण्यांसारखी सुटी दिसतात, वरून नवा रंग मारला की बुजतात. विकणारा म्हणाला इंजिन ठेवायचा पुठ्ठ्याचा डबा हरवला, तर चालेल, डबे सगळ्यांचेच हरवतात. पण डबा नवाकोरा आणि इंजिन झिजलेलं, तर त्या दोघांची सोयरीक अलीकडची आहे असं समजा. एवढं सगळं मनासारखं निघालं की इंजिन उलटं फिरवा आणि पहिल्यापासून पुन्हा बघा.

यातलं शेवटचं तेवढं दादांचं नाही, माझं आहे.

तुम्ही असंही विचारलंत की दादांच्या हातच्या दोन ओळी का नाहीत. मागे मी लिहिलं होतं, काम फार आहे. त्याच्या पुढच्या पत्रात लिहिलं, हात आखडलाय. तुम्ही लहानपणी शाळा बुडवायला अशाच सबबी सांगायचात, तेव्हा तुम्ही ओळखलंच असणार.

भाऊजी, एप्रिलमध्ये दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन दुकानापर्यंत येतात. हात मात्र मांडीवर पडून असतो. आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा शिल्लक राहिला, तो म्हणजे ‘बरोबर’. चहा गार झाला तरी बरोबर, पाय दुखला तरी बरोबर. पोस्टमनने चुकीचं पाकीट दिलं तेव्हा ते रागाने लाल होऊन ‘बरोबर, बरोबर’ असं ओरडले आणि तो बिचारा आभार मानून निघून गेला. त्या दिवशी आम्ही दोघं झटक्यानंतर पहिल्यांदा हसलो.

आयुष्यभर ज्यांनी अस्सल-नक्कल निवडलं, त्यांच्याकडे नेमका हाच शब्द उरावा. पण मला त्यांचे सूर कळायला लागले. इंजिन हातात घेऊन लांब, मऊ ‘बरोबर’ म्हणाले की माल खरा. तुटक म्हणाले की काहीतरी लबाडी आहे. मग मी एकेक भागावर बोट ठेवत जायची, आणि जिथे ते मान हलवतील ते गिऱ्हाइकाला सांगायची. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून सुटे भाग पुसले, अस्सल-नकलीच्या चिठ्ठ्या लिहिल्या, ते कामी आलं. लोक यायचे थांबले नाहीत. दुकान चालू आहे असं मी तुम्हाला लिहीत होते, ते खोटं नव्हतं.

गेल्या महिन्यात एक दातांचे डॉक्टर वडिलांचं इंजिन घेऊन आले. वडील गेलेत. बहीण म्हणते विकून टाकू, डॉक्टरांना ठेवायचंय. अस्सल असेल तर बहीण ऐकेल, असं त्यांचं म्हणणं. हिरवं, लांब नाकाचं, देखणं इंजिन होतं. मी ते दादांसमोर मेजावर ठेवलं, तोंड डावीकडे करून. त्यांनी डाव्या हाताने पुढच्या नळकांड्यावरून बोट फिरवलं, भिंगातून रिव्हेट बघितले, आणि लांब, मऊ आवाजात म्हणाले, “बरोबर.”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. मी मात्र मागची केबिन बघत होते. तिचे रिव्हेट बोथट होते, हिरवा जरा पिवळसर होता, आणि नळकांडं जिथे केबिनला मिळतं तिथे रंगाखाली कथलाचा डाग देऊन जोडल्याची रेघ होती. तोंड एका घरचं, पाठ दुसऱ्या घरची. हे मला दिसतं आणि ह्यांना दिसत नाही, असं कधी झालं नव्हतं.

“मग लिहून देता?” डॉक्टरांनी विचारलं.

मी केबिनवर बोट ठेवलं. दादांनी माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. पुन्हा म्हणाले, “बरोबर.”

“इंजिन इथे राहू द्या, उद्या या,” मी म्हटलं.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. वाचा गेली, हात गेला, आता नजरही गेली, आणि हे त्यांना सांगायचं कुणी, तर मी. संध्याकाळी ताट वाढलं. त्यांनी डावीकडचा भात संपवला आणि चमचा खाली ठेवला. उजवीकडची भाजी तशीच. हे रोजचंच होतं. भाजी आवडेनाशी झाली असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मी ताट उचललं, अर्धं वळवलं आणि परत ठेवलं. त्यांनी ताटात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाजी खायला लागले. भुकेल्या माणसासारखी खाल्ली. इतके महिने मी त्यांना अर्धपोटी ठेवलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. डोळे चांगले आहेत, पण मेंदू त्यांना उजवीकडचं दाखवत नाही. नाही दिसत हेही त्यांना कळत नाही. मान वळवून बघायची सवय लावा, म्हणाल्या.

पण त्याआधी दुसरा दिवस उजाडला आणि दातांचे डॉक्टर आले. मी इंजिन उचललं आणि उलटं ठेवलं, केबिन डावीकडे येईल असं. दादांचं बोट केबिनवर गेलं आणि थांबलं. भिंग लावलं. मग तुटक म्हणाले, “बरोबर.” भिंग मेजावर ठेवलं, काठी घेतली आणि आत निघून गेले.

डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं. पुढचा भाग जुना, अस्सल आणि उत्तम. केबिन दुसऱ्या, साध्या इंजिनाची, पण डाग इतका सफाईने दिलाय की जोडणाऱ्याचा हात चांगला असणार. ते ऐकत राहिले. म्हणाले, “बाबा रविवारी खोलीचं दार लावून काहीतरी झाळत बसायचे. आम्हाला फक्त वितळलेल्या कथलाचा वास यायचा.” मग म्हणाले, “हेच लिहून द्या. बहिणीलाही तो वास आठवत असेल.”

दादा नंतर कितीतरी दिवस दुकानात आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी रागावले, विनवलं, मांजर आणून पलंगावर सोडलं, कशाचाच उपयोग झाला नाही. परवा दातांचे डॉक्टर पुन्हा आले. वडिलांच्या खोलीत एक मालडबा सापडला होता. दादांना दाखवायचाय, म्हणाले. मी म्हटलं, आता ते बघत नाहीत. तेवढ्यात मागे काठी वाजली. दादा येऊन खुर्चीत बसले. डबा पुढे ओढला, बघितला, आणि मग डाव्या हाताने स्वतःच तो उलटा फिरवून पहिल्यापासून पुन्हा बघितला. मी चिठ्ठी लिहायला घेतली, पण मला अक्षर दिसेना.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. जूनमध्ये तुम्हाला रजा मिळत होती आणि मी लिहिलं होतं, एवढ्यात येऊ नका, घराचं रंगकाम चाललंय. रंगकाम नव्हतं. तुमचा जहाजावरचा फोटो त्यांच्या खुर्चीच्या उजवीकडे होता. झटक्यानंतर घरी आल्यापासून त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. मी फोटोकडे बोट दाखवलं तरी समोर बघत राहायचे. मला वाटलं, ते तुम्हाला विसरले, किंवा ज्याला लहानाचा मोठा केला त्याच्यासमोर त्यांना असं यायचं नाही. तुम्ही एवढ्या लांबून यावं आणि त्यांनी मान फिरवावी, हे मला बघवलं नसतं.

दवाखान्यातून आल्यावर फोटो डावीकडच्या भिंतीवर लावला. चहा होईपर्यंत ते त्याच्याकडेच बघत होते. चहा दिला तर कप बाजूला सारला.

तेव्हा भाऊजी, या. इंजिन घेतलंत तर घेऊन या, नाही घेतलंत तर रिकाम्या हाताने या. पण दारातून आत आलात की सरळ त्यांच्याकडे जाऊ नका. मेजाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला या, आणि मग हाक मारा.

तुमची वाट पाहणारी,
वहिनी