एस्टिल कौडिलचा पट्टा

११ मे १९९२, सोमवार

आज बेकर्स फोर्क गावच्या पोलीस ठाण्यात, तळघरातील शस्त्रखोलीत रुजू झालो. येथे नवी पिस्तुले आल्याने जुनी रिव्हॉल्व्हरे, पट्टे आणि होल्स्टरे खाली आणून टाकली आहेत. ती स्वच्छ करून दर्शनी कपाटात मांडणे हे माझे काम. निळसर पोलादावर तेलाचा हात फिरवला की ते पुन्हा जिवंत दिसू लागते. मन प्रसन्न झाले.

शेजारच्या जिल्ह्यात मी सारी नोकरी असेच रिव्हॉल्व्हर वागवले. निवृत्तीच्या दिवशी ते पट्ट्यासकट काढून घेण्यात आले. तेव्हापासून कंबर रिकामी वाटते. येथील प्रमुख हॅचर यांनी शब्द दिला आहे, की कामी आलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या मिरवणुकीत मी जुना गणवेश घालून, जुना पट्टा बांधून सर्वांच्या पुढे चालेन. काम पत्करले ते एवढ्याचसाठी.

१३ मे

येथील तरुण शिपायांना कशाचीच चाड नाही. त्यांचे पट्टे नायलॉनचे, शाळेच्या दप्तराला शोभतील असे. पिस्तुलांची मूठ प्लास्टिकची. एकजण न्याहारीचे बिस्कीट चावत खाली आला आणि म्हणाला, “डेन्व्हरकाका, सहा गोळ्या संपल्या की पुढं काय, बंदूक फेकून मारायची?” बाकीचे खो खो हसले. नेम असणाऱ्याला सहा पुरतात.

१५ मे

संतापजनक. निष्काळजी माणसांनी काडतुसे वर्षानुवर्षे चामड्यातच ठेवल्यामुळे पितळेला हिरवा गंज चढला आहे आणि सारे पट्टे कुजले आहेत. एकच पट्टा धड आहे. तो निराळ्या खिळ्याला, बक्कल उघडे ठेवून टांगलेला होता. मी तो बांधला. माझ्याच कमरेवर मुरलेला असावा तसा बसला.

ठाण्याच्या रेडिओवर बसणाऱ्या ओपलबाई नेमक्या तेव्हाच खाली आल्या आणि किंचाळल्या. तो एस्टिल कौडिलचा पट्टा, म्हणाल्या. कामावर मेलेल्याच्या पट्ट्याचे बक्कल पुन्हा कोणी लावत नाही, हे डेन्व्हरभाऊ, तुम्हाला मी सांगायला हवे का? रिवाज मलाही ठाऊक आहे. परंतु मिरवणुकीत मी नायलॉन बांधून चालणार नाही.

१८ मे

पट्टा घालून, त्यात एक जुने रिव्हॉल्व्हर अडकवून काम करतो, म्हणजे चामडे मऊ राहते. आज घरी गेल्यावर विजारीच्या डाव्या खिशात झाडलेल्या काडतुसांच्या सहा रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. रिव्हॉल्व्हरमध्ये मी एकही काडतूस घातलेले नाही. पोरांची थट्टा असणार. हॅचर यांच्याकडे रीतसर तक्रार केली. ते म्हणाले, “काका, इथं आता जुन्या रिव्हॉल्व्हरची अडतीसची गोळी आहे तरी कुणाकडं?”

२० मे

पुन्हा सहा. या वेळी कोमट.

ओपलबाईंना विचारले. त्यांनी आधी तोंड फिरवले, मग सांगितले. पुलाजवळ एस्टिलने एक गाडी थांबवली होती. गोळीबार झाला. एस्टिलच्या सहाही गोळ्या संपल्या. त्याने रिव्हॉल्व्हरचे गोळ्यांचे चक्र उघडले, पुंगळ्या तळहातावर घेतल्या आणि सरावाच्या मैदानावर करत असे तशा नीट खिशात ठेवल्या. गाडीतला माणूस तेवढ्या वेळात खडीवरून सावकाश चालत आला. एस्टिल सापडला तेव्हा रिव्हॉल्व्हर उघडेच होते, खिशात सहा पुंगळ्या.

पुंगळ्या खिशात ठेवण्याचा नियम चुकीचा नव्हता. पुंगळी जमिनीवर टाकली की मैदान झाडावे लागे. मीदेखील कधी टाकली नाही.

२२ मे

बक्कल निघत नाही. हॅचर म्हणाले, पोट सुटलंय तुमचं, आणा, कात्रीने कापतो. मी नकार दिला. सोमवारी मिरवणूक आहे. कापलेला पट्टा घेऊन कोणापुढे चालू? मंगळवारी कापा, असे सांगितले.

२३ मे

डावा हात आपोआप कमरेशी जातो. चक्र उघडतो. तळहात पसरतो. मी थांबवू शकत नाही.

जेवताना खडीवर पावले वाजली. सावकाश. अंगणात कोणी नव्हते. माझ्या अंगणात खडीही नाही.

२४ मे

सुरी लावली. चामड्याला लावली, वेदना मला झाली. सुरी टाकून दिली.

ओपलबाईंना फोन केला. त्या रडू लागल्या. बक्कल लावलेत तुम्ही, म्हणाल्या, आता त्या मारणाऱ्याला वाटतं, एस्टिल अजून —

पुढे ऐकले नाही. पावले.

लेखणी धरली की उजवा हात तरी माझा राहतो.

२५ मे

गणवेश चढवला. शस्त्रखोलीत आहे. बाहेर बँड लागला आहे, हॅचर वरून हाक मारतात, काका, चला, सगळे थांबलेत.

पायांना जिना चढता येत नाही.

खडी वाजते — खोलीतच —

डाव्या हाताने चक्र उघडले आहे, आत सहा रिकाम्या पुंगळ्या. पट्ट्यावरचा काडतुसांचा बटवा जड लागतो. भरलेला आहे. मी भरला नव्हता. म्हणजे वेळ आहे. पुंगळ्या खाली टाकायच्या, पसारा होऊ द्यायचा, लेखणी ठेवून नवी काडतुसे —

बोटे उघडत नाहीत. हात खिशाकडेच जातो. एक, दोन — टाक, डेन्व्हर, टाक —

तो दारात आहे. घाई नाही त्याला.

एक निसटून जमिनीवर पडली. तेवढी उचलून मग