लिंबोणीच्या आड

५ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. परसातली लिंबोणी पिवळी पडते आहे. कामरेजला घर घेतलं तेव्हा तारानं लावली होती. तारा जाऊन तीन महिने होतील. झाड सुधारलंच पाहिजे. त्याच्या आड बसून जेवलं की शेजारच्या प्रमिलाबाईंना त्यांच्या खिडकीतून मी दिसत नाही. एवढंच कारण.
वरण खारट झालं. अन्न कचऱ्यात टाकायचं नाही, हा ताराचा नियम. झाडाला घातलं.

९ जानेवारी
निदान झालं. कीड. नीम तेल फवारलं. कीड दिसली नाही, घाबरली असणार.
कढी केली. मीठ दोनदा पडलं. झाडाला.

१४ जानेवारी
संक्रांत. फांद्यांत मांजा अडकलाय. खरं कारण हेच. काढताना बोट कापलं, म्हणून डोळ्यांत पाणी.
प्रमिलाबाईंनी भिंतीवरून तीळगूळ दिला. भाऊ, उंधियू पाठवू का, म्हणाल्या. जेवण झालंय म्हटलं. झालं नव्हतं.

२३ जानेवारी
पानं निम्मी गळाली. दुसरं झाड बघून ठेवायला हरकत नाही. बांबू: साप येतात. मेंदी: बुटकी. आसोपालव, म्हणजे आपला खोटा अशोक: सरळ, दाट, कमी बोलणारा. पण ताराचं झाड काढणार नाही. हे पक्कं.
सांबार. झाडाला.

२ फेब्रुवारी
नर्सरीवाला हितेश आला. माती उकरली. शेवग्याची शेंग निघाली. म्हणाला, काका, झाडाला सांबार कोण पाजतं? मिठानं मुळं जळली, आता हे गेलं.
शेजारचं कुणी टाकत असेल, म्हटलं.
तेवढ्यात प्रमिलाबाई खिडकीतून म्हणाल्या, भाऊ, मी रोज बघत होते. वाटलं वहिनींना नैवेद्य दाखवताय, म्हणून बोलले नाही.
म्हणजे पहिल्या दिवसापासून दिसत होतो.

९ फेब्रुवारी
लिंबोणी काढली. आसोपालव लावला. आड व्हायला पाच वर्षं, असं हितेश म्हणतो. सध्या गुडघ्याएवढा. त्याच्यामागे पाट टाकून बसून पाहिलं. प्रमिलाबाईंनी विचारलं, भाऊ, काही हरवलं का?
नाही म्हणालो. मग म्हणालो, वरण कसं करायचं ते सांगा. म्हणाल्या, वही आणा.
आणली. लिहून घेतलं.
डाळ आधी धुवायची असते.