काही आलं नाही तर

आई, तुला वाचता येत नव्हतं. पत्र आलं असतं तर तू ते किराणा दुकानदाराकडून वाचून घेतलं असतंस, म्हणून तू असताना कधी लिहिलं नाही. आता हे कुठं पाठवायचंच नाही, तेव्हा लिहिते.

मी बजाजनगरात खोली घेऊन राहायचे, वाळूजच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे. पिशोरला घरी येऊन परतले की त्या दुकानाच्या फोनवर 'पोचले' म्हणून कळवायचं, हा तुझा कायदा. मी विसरले की तू थेट कंपनीत फोन लावायचीस. ऑपरेटर दारातून ओरडायचा, "मॅडम, घरून विचारतेत, पोचल्या का?" सगळे हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याच दिवसांत कंपनीत नवा कॉम्प्युटर आला. जुन्यातल्या फायली केबल जोडून त्यात पाठवायच्या होत्या. एक तुकडा जायचा, पलीकडून 'मिळाला' असं उत्तर यायचं, मगच दुसरा. अख्खी दुपार त्यात जायची. मी प्रोग्रॅम बदलला: उत्तरासाठी खोळंबायचंच नाही, तुकडे पाठवत सुटायचं, एखादा हरवला तरच पलीकडच्यानं बोलायचं. काम झपाट्यानं व्हायला लागलं. साहेबांनी शाबासकी दिली आणि मी शेफारले. अजून दिसतं, तू चुलीपुढं भाकरी थापतेयस आणि मी हे सगळं तुला ऐकवतेय. वर म्हणतेय, आपणही असंच करू, काही बिघडलं तरच फोन.

तू भाकरी उलटलीस. "म्हंजी काय आलं नाय, तर समदं ठीक समजायचं?"

"हो."

"बरं."

तू शब्द पाळलास. त्या उन्हाळ्यात बजाजनगरात रोज नवा स्लॅब पडत होता, त्यावर मारायला पाणी कमी नव्हतं. पिशोरला विहिरी आटल्या, टँकरच्या पाण्यानं कावीळ पसरली, तुलाही झाली. शेजारच्या काकू मला फोन करायला निघाल्या तर तू अडवलंस. एवढ्यातेवढ्याला पोरीला कामातून उठवायचं नाय. हे त्यांनी मला तुझ्या दहाव्याला सांगितलं.

प्रोग्रॅममधली एक गोष्ट मी तुला सांगितलीच नव्हती. बराच वेळ पलीकडून काहीच आलं नाही, तर थांबायचं आणि विचारायचं, आहेस का. लाइनच तुटली असेल तर कळणार कसं? मशीनसाठी हे मला सुचलं होतं गं. फार लाज वाटते.

कामाचा व्याप होता, असं सगळ्यांना सांगत आले. तेवढा काही नव्हता. तुझे फोन बंद झाले होते, आणि आई, मला बरं वाटत होतं.